फाइल डिलीट केली तरी जाहिराती परत का येतात? घरच्या कॉम्प्युटरमधलं ॲडवेअर कसं ओळखायचं आणि कसं काढायचं?

ब्राउझर उघडला की नेहमीच्या गुगलऐवजी भलतंच सर्च पेज समोर येतं. रेल्वेचं तिकीट काढायला साइट उघडावी, तर शेजारी आणखी दोन टॅब आपोआप उघडतात. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे' अशी पट्टी सरकून येते. ओळखीतलं कुणीतरी सांगतं, अमुक फोल्डरमध्ये तमुक फाइल आहे, ती उडवून टाका. फाइल उडवली जाते, एखादा दिवस शांततेत जातो आणि मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं सुरू होतं.

हे सगळं बहुतेक वेळा ॲडवेअरमुळे होतं. आणि फाइल डिलीट करून ते जात नाही, याचं कारण साधं आहे. ॲडवेअर म्हणजे एखादी एकटी फाइल नसते. ते कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी बदल करून बसतं. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकतं, होमपेज बदलतं, कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःही सुरू होण्याची सोय करतं आणि फाइल नाहीशी झाली तर ती पुन्हा डाउनलोड करण्याचं कामही लावून ठेवतं. दिसली ती फाइल काढली, पण बाकीची कामं तशीच राहिली, की चार दिवसांत ती परत येते.

म्हणूनच ॲडवेअर काढायचं तर ते कुठे कुठे शिरतं हे माहीत हवं. या लेखात विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या घरगुती कॉम्प्युटरचा विचार केला आहे.

ॲडवेअर म्हणजे नेमकं काय?

जाहिराती दाखवून पैसे कमावण्यासाठी बनवलेलं आणि तुम्हाला नीट न सांगता कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे ॲडवेअर. फुकट ॲपमध्ये खाली एखादी जाहिरात दिसते, ते ॲडवेअर नव्हे. ते ॲप बंद केलं की जाहिरातही बंद होते. ॲडवेअर मात्र दुसऱ्यांच्या साइटवर स्वतःच्या जाहिराती चिकटवतं, तुम्ही शोधता ते दुसऱ्याच सर्च इंजिनकडे वळवतं आणि काढायला गेलं तर सहज निघत नाही.

अँटिव्हायरस कंपन्या अशा सॉफ्टवेअरसाठी 'पीयूपी' किंवा 'पीयूए' ही नावं वापरतात. त्याचा अर्थ, वापरणाऱ्याला बहुधा नको असलेलं सॉफ्टवेअर. 'व्हायरस' हा शब्द त्या टाळतात, कारण इन्स्टॉल करताना कुठेतरी बारीक अक्षरांत तुमची परवानगी घेतलेली असते. तुम्ही 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री' करत पुढे गेलेले असता, आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटायला त्यांना तेवढी पळवाट पुरते.

हा धंदा नवा नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गाणी शेअर करण्यासाठी 'कझा' नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जायचं. त्याच्यासोबत 'गेटर' या कंपनीचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये यायचं. पुढे बरीच वर्षं जावा अपडेट करताना एका चौकटीतली टिकची खूण काढायची राहिली की ब्राउझरमध्ये 'आस्क टूलबार' येऊन बसायचा. २०१५ मध्ये 'सोर्सफोर्ज' या एकेकाळी विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या साइटवर 'गिंप' या फुकट फोटो एडिटरच्या विंडोज इन्स्टॉलरला इतर सॉफ्टवेअरच्या ऑफर जोडलेल्या आढळल्या आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.

भारताचं नाव यात ठळकपणे आलं ते जून २०१७ मध्ये. चेक पॉइंट या इस्रायली सायबर सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या ॲडवेअरची माहिती जाहीर केली. बीजिंगमधल्या राफोटेक या डिजिटल मार्केटिंग कंपनीने ते पसरवल्याचं चेक पॉइंटचं म्हणणं होतं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जगभरातल्या २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं होतं आणि त्यातले अडीच कोटींहून जास्त, म्हणजे इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त, भारतातले होते. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं. पण फायरबॉलची पद्धत काय होती, यावर दुमत नव्हतं. दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून यायचं आणि ब्राउझरचं होमपेज आणि सर्च इंजिन बदलायचं.

यातून पैसे कोण कमावतं?

तुम्हाला फुकट पीडीएफ कन्व्हर्टर हवा असतो. तो ज्या साइटवरून डाउनलोड होतो, तिला प्रत्येक जास्तीच्या सॉफ्टवेअरमागे पैसे मिळतात. गुगल आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास केला. त्यात एका इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर आढळले. म्हणजे तुमच्या एका 'नेक्स्ट'ला किंमत आहे आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी मिळते.

कॉम्प्युटरमध्ये शिरल्यावर ॲडवेअरची स्वतःची कमाई सुरू होते. साइटवरच्या मूळ जाहिरातीच्या जागी आपली जाहिरात लावायची, तुमचा सर्च आपल्याकडून वळवून न्यायचा, खरेदीच्या लिंकमध्ये आपला कोड घुसवून कमिशन घ्यायचं, तुम्ही काय पाहता याची माहिती गोळा करायची, असे त्याचे मार्ग असतात.

जाहिरातीच तर आहेत, मग धोका काय?

याचं उत्तर 'सुपरफिश' प्रकरणात मिळतं. लेनोवो कंपनीने २०१४ मध्ये काही लॅपटॉपमध्ये सुपरफिशचं सॉफ्टवेअर आधीच टाकून विकलं. खरेदीच्या साइटवर तशाच दुसऱ्या वस्तूंच्या जाहिराती दाखवणं, एवढंच त्याचं काम होतं. पण कुलपाचं चिन्ह असलेल्या सुरक्षित साइटवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं एक सर्टिफिकेट बसवलं होतं. म्हणजे बँकेची साइट उघडली तरी ब्राउझर आणि बँक यांच्या मध्ये हे सॉफ्टवेअर उभं असायचं.

त्यातही सगळ्या लॅपटॉपवर त्या सर्टिफिकेटची किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं आणि संशोधकांनी ती किल्ली लगेच शोधूनही काढली. ज्याच्या हातात ती किल्ली असेल, तो सार्वजनिक वायफायवर बसून अशा लॅपटॉपला खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकत होता. २०१७ मध्ये लेनोवोने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी या प्रकरणी तडजोड केली.

सुपरफिशचा प्रोग्राम नुसता अनइन्स्टॉल केला तरी ते सर्टिफिकेट विंडोजमध्ये तसंच राहायचं. ते वेगळं काढावं लागायचं. प्रोग्राम गेला, पण त्याने केलेला बदल राहिला, हा ॲडवेअरचा नेहमीचा अनुभव आहे.

प्रत्येक ॲडवेअर इतकं घातक नसतं. पण ज्या ब्राउझरमधून तुम्ही बँकेत लॉगिन करता, मुलांचे फॉर्म भरता, आधारची माहिती टाकता, त्याच ब्राउझरमध्ये एक अनोळखी प्रोग्राम बसला आहे, याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आधी ओळखा, नक्की काय झालंय?

सगळ्या त्रासदायक जाहिराती ॲडवेअरमुळे येत नाहीत. तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली शक्यता, त्या साइटवरच जाहिराती जास्त आहेत. फुकट मॅच दाखवणाऱ्या किंवा सिनेमे डाउनलोड करायला देणाऱ्या साइटवर क्लिक केलं की नवीन टॅब उघडतोच. ती साइट बंद केल्यावर त्रास थांबत असेल, तर कॉम्प्युटरमध्ये बहुधा काही शिरलेलं नाही.

दुसरी शक्यता, तुम्ही एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली आहे. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं सांगून ही परवानगी घेतली जाते. नंतर उजव्या कोपऱ्यात ज्या पट्ट्या येतात, त्या या परवानगीमुळे. पट्टीवर बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता दिसला, तर हाच प्रकार आहे. यात कॉम्प्युटरमध्ये फाइल नसतेच, त्यामुळे ती कितीही शोधली तरी सापडत नाही.

तिसरी शक्यता, खरोखरचं ॲडवेअर. ते ओळखायला एक सोपी चाचणी आहे. विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा. विकिपीडिया जाहिराती घेत नाही, फार तर देणगीचं आवाहन दिसतं. तिथे बूट, कर्ज किंवा गेमची जाहिरात दिसली, तर ती तुमच्याच कॉम्प्युटरमधून आली आहे.

याशिवाय ही लक्षणंही पाहा:

- होमपेज किंवा सर्च इंजिन आपोआप बदललं आहे आणि परत बदलूनही टिकत नाही.
- तुम्ही न टाकलेलं एक्स्टेंशन किंवा टूलबार दिसतो.
- क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत सगळ्यात खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं असतं. घरच्या कॉम्प्युटरवर दिसलं तर कुणीतरी क्रोमवर नियम लादले आहेत. काही अँटिव्हायरसही असं करतात, पण तपासायला हवं.
- ब्राउझर बंद असतानाही डेस्कटॉपवर जाहिरातीची खिडकी उघडते.

स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर थांबा

कधी कधी पूर्ण स्क्रीन लाल किंवा निळी होते, मोठ्याने आवाज येऊ लागतो आणि 'मायक्रोसॉफ्ट सपोर्टला या नंबरवर फोन करा' असं दिसतं. हा नंबर फसवणूक करणाऱ्यांचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीने स्वतः सांगितलेलं आहे.

फोन केला की पलीकडचा माणूस अगदी सौजन्याने बोलतो, दुरून कॉम्प्युटर चालवण्याचं ॲप टाकायला लावतो, विंडोजच्या नेहमीच्या सूचनाच 'व्हायरस' म्हणून दाखवतो आणि दुरुस्तीचे पैसे मागतो. याच वेळी बँकेचं लॉगिनही त्याच्या नजरेसमोर होतं. घरातल्या ज्येष्ठांना ही एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवा.

अशी स्क्रीन बंद करायला एस्केपची की काही सेकंद दाबून धरा. नाहीच गेली, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'मागची पानं परत उघडू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

एखादी फाइल संशयास्पद आहे हे कसं ठरवायचं?

नाव विचित्र दिसलं म्हणून फाइल उडवू नका. विंडोजच्या स्वतःच्या कित्येक फाइलींची नावं विचित्रच असतात. आणि ॲडवेअरची नावं मुद्दाम साधी ठेवलेली असतात. या पाच गोष्टी पाहा.

जागा: टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची खरी फाइल सिस्टम३२ या फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाइल टेम्प, डाउनलोड्स किंवा ॲपडेटा या फोल्डरमधून चालत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. मात्र झूमसारखी काही चांगली ॲपही ॲपडेटामधून चालतात, त्यामुळे फक्त जागेवरून निकाल देऊ नका.

नाव: इंग्रजीतली दोन अक्षरं उलटसुलट केलेली किंवा 'ओ' या अक्षराच्या जागी शून्य टाकलेला, अशी नक्कल नीट वाचल्यावरच लक्षात येते. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दिसतील असं करून ठेवा. मग पीडीएफचं नाव लावलेली, पण शेवटी 'डॉट ईएक्सई' असलेली फाइल लगेच ओळखू येते.

सही: फाइलवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर त्यांच्या नावाची डिजिटल सही असते. मायक्रोसॉफ्टची म्हणवणारी फाइल सहीशिवाय असेल, तर पुढची तपासणी कराच. आणि सही आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. ॲडवेअर बनवणाऱ्या कंपन्याही सही विकत घेऊ शकतात.

तारीख: त्रास कधीपासून सुरू झाला ते आठवा आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं ते पाहा. बऱ्याचदा चोर इथेच सापडतो.

दुसऱ्यांचं मत: 'व्हायरसटोटल' ही गुगलच्या मालकीची फुकट साइट आहे. तिथे फाइल टाकली की डझनावारी अँटिव्हायरस ती तपासून सांगतात. एक-दोघांनीच धोका दाखवला आणि बाकी सगळे गप्प असले, तर तो गैरसमज असू शकतो. पण निकालात ठिकठिकाणी ॲडवेअर, पीयूपी किंवा बंडलर असे शब्द दिसले तर फाइल ठेवू नका. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांनाही दिसू शकते, म्हणून बँक स्टेटमेंट, आधार किंवा खासगी फोटो तिथे कधीच टाकू नका.

काढायचं कसं? या क्रमाने जा

सुरुवातीला महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून ठेवा. ईएक्सई फाइली कॉपी करू नका, नाहीतर त्रासही सोबत जाईल.

१. नोटिफिकेशन बंद करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. अनेकांचा त्रास इथेच संपतो.

२. अनोळखी प्रोग्राम काढा. कंट्रोल पॅनेलमधलं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडा आणि 'इन्स्टॉल्ड ऑन' या रकान्यावर क्लिक करा. यादी तारखेप्रमाणे लागेल. ड्रायव्हर अपडेटर, पीसी ऑप्टिमायझर, कूपन, सर्च किंवा टूलबार अशी नावं आणि तुम्ही न टाकलेले ब्राउझर यांच्याकडे आधी पाहा. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस', इंटेल, रिअलटेक अशा नावांना हात लावू नका, ती कॉम्प्युटरला लागतात. अनइन्स्टॉल करताना प्रत्येक खिडकी वाचा. 'ठेवा' हे बटण रंगीत आणि मोठं, तर 'काढा' बारीक राखाडी अक्षरांत, ही ॲडवेअरची जुनी युक्ती आहे.

३. एक्स्टेंशन तपासा. ब्राउझरच्या एक्स्टेंशन पानावर जा आणि रोज वापरत नसाल ते प्रत्येक काढा. 'सगळ्या साइटवरची माहिती वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी असलेल्या एक्स्टेंशनला ब्राउझरमधलं जवळपास सगळं दिसतं. पूर्वी चांगलं होतं म्हणून आजही चांगलं असेलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेंशन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून बंद केलं.

४. शॉर्टकट पाहा, मग ब्राउझर रीसेट करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' वाचा. ब्राउझरच्या ईएक्सई फाइलच्या नावानंतर एखाद्या साइटचा पत्ता जोडलेला असेल, तर तो खोडा. होमपेज पुन्हा पुन्हा बदलण्यामागे अनेकदा हेच असतं. त्यानंतर क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमधून 'रीसेट सेटिंग्ज' निवडा. फायरफॉक्समध्ये त्याला 'रिफ्रेश फायरफॉक्स' म्हणतात. यात बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. साइटवरचं लॉगिन मात्र पुन्हा करावं लागू शकतं.

५. आपोआप सुरू होणारी कामं थांबवा. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' भागात कॉम्प्युटरसोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. अनोळखी नाव 'डिसेबल' करा. मग स्टार्ट मेन्यूत 'टास्क शेड्युलर' शोधा. काढलेली फाइल ठरावीक वेळाने परत आणण्याचं काम बहुतेक वेळा इथे लावलेलं असतं. एखाद्या कामावर क्लिक करून 'ॲक्शन्स'मध्ये ते कोणती फाइल चालवतं ते पाहा. संशय असेल तर लगेच डिलीट न करता आधी 'डिसेबल' करा. दोन दिवसांत काही बिघडलं नाही, तर काढून टाका.

६. प्रॉक्सी पाहा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. घरच्या कॉम्प्युटरवर सहसा इथे कुठलाही पत्ता भरलेला नसतो. असेल आणि तो तुम्ही टाकलेला नसेल, तर बंद करा. याद्वारे तुमचं सगळं ब्राउझिंग दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाऊ शकतं.

७. शेवटी स्कॅन करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधून 'फुल स्कॅन' करा. मग 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्या फाइललाही पळायला जागा राहत नाही. खास ॲडवेअरसाठी मालवेअरबाइट्स कंपनीचं 'ॲडडब्ल्यूक्लीनर' हे फुकट टूल आहे. त्याच्या सेटिंगमध्ये क्रोमवर लादलेले नियम काढण्याचा पर्यायही मिळतो. सापडलेल्या गोष्टी आधी 'क्वारंटाइन' करा, म्हणजे चूक झाली तर परत आणता येतात.

ही टूल कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर 'व्हायरस रिमूव्हल टूल' असं शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक केलं, तर ॲडवेअर काढायला जाऊन नवं ॲडवेअर घरी आणाल. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सुरू आहे. तिथेही पुण्याच्या क्विक हीलसह भारतीय कंपन्यांची तपासणीची टूल फुकट मिळतात.

इतकं करूनही परत आलं तर?

आधी एक शक्यता तपासा. क्रोममध्ये गुगल अकाउंटचं सिंक सुरू असेल, तर एका कॉम्प्युटरवरचं एक्स्टेंशन दुसऱ्यावर आपोआप येतं. घरचा लॅपटॉप साफ केला, पण मुलांच्या कॉम्प्युटरवर तेच अकाउंट आणि तेच एक्स्टेंशन आहे, तर पाहुणा परत येणारच. दोन्हीकडे सिंक बंद करून दोन्ही साफ करा.

तरीही सुटका नसेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथून 'रीसेट धिस पीसी' करा. विंडोज १० मध्ये हा पर्याय 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये आहे. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, पण टाकलेले प्रोग्राम जातात. तरी बॅकअपशिवाय हे करू नका. रजिस्ट्रीत हात घालून एकेक नोंद शोधत बसण्यापेक्षा घरच्या वापरकर्त्यासाठी हा मार्ग सोपा आणि खात्रीचा आहे. रजिस्ट्रीतली एक चुकीची नोंद उडाली, तरी विंडोज सुरू होणं बंद होऊ शकतं.

साफ झाल्यावर काय करायचं?

ईमेल, बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड बदला. शक्यतो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून बदला. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा. पुढचे काही दिवस बँकेचे मेसेज नीट पाहा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', मग 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' इथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' सुरू आहे का पाहा. ॲडवेअर अडवण्यासाठीच ही सोय आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. कॉम्प्युटर चालत असेल तर विंडोज ११ वर जा.

यापुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्या. डाउनलोडच्या पानावर चार हिरवी बटणं दिसली, तर त्यातली तीन जाहिराती असू शकतात. क्रॅक केलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर, फुकट फॉन्टचा पॅक किंवा 'पूर्ण व्हर्जन मोफत' देणारी झिप फाइल यांच्यासोबत बाकी काय येतंय हे कुणीच सांगत नाही. इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस' किंवा 'रेकमेंडेड'ऐवजी 'कस्टम' निवडा, प्रत्येक पान वाचा आणि नको त्या चौकटीतली टिकची खूण काढा. घरातला कॉम्प्युटर मुलंही वापरत असतील, तर त्यांना ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं अकाउंट करून द्या. मग बहुतेक सॉफ्टवेअर टाकण्याआधी विंडोज तुमचा पासवर्ड मागेल.